पाठीचे शास्त्र आणि हाताची सनद

रत्नागिरी जिल्ह्याचे वर्णन करताना समुद्र, खाड्या, सडे आणि घाट यांचा उल्लेख आवर्जून केला जातो. परंतु या साऱ्या चढउतारांचा भार शेवटी माणसाच्या पाठीवर येऊन पडतो, ही गोष्ट सहसा कोणी नमूद करीत नाही. जांभ्याच्या खाणीवर चिरा उचलून ट्रकात रचणारा मजूर, मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहणारी बाई, वैशाखाच्या उन्हात हापूसच्या शेंड्यापर्यंत चढून झेल्याने आंबा उतरविणारा गडी, लावणीच्या दिवसांत सकाळपासून दिवस मावळेतो चिखलात ओणवी राहिलेली शेतकरीण आणि आंबा घाटाची वळणे वर्षानुवर्षे घेत राहिलेला एस.टी.चा चालक, यांचे धंदे परस्परांहून कितीही भिन्न असले तरी चाळिशीच्या आसपास त्यांचे गाऱ्हाणे बहुधा एकाच शब्दांत ऐकू येते: कंबर धरली आहे, बसले तर उठवत नाही आणि उठले तर चालवत नाही.

असे दुखणे उद्भवले म्हणजे गावाकडे उपचारांचा जो क्रम लागतो तो ठरलेला आहे. आधी तापविलेल्या विटेचा नाही तर मिठाच्या पुरचुंडीचा शेक. त्याने भागले नाही तर तेल लावून चोळणे. आणि तेवढ्यानेही उसण उतरली नाही तर आसपासच्या वाड्यांतून एखाद्या पायाळू माणसाचा शोध. जन्मताना ज्याचे पाय प्रथम बाहेर आले त्याने पाठीला पाय लावला की भरलेली लचक निघते, ही समजूत महाराष्ट्रात इतकी दूरवर पसरलेली आहे की एरवी कोणत्याही गोष्टीचा पुरावा मागणारा वकील किंवा शाळामास्तरही कंबर आखडली म्हणजे पायाळूपुढे निमूटपणे पालथा पडतो. त्याला गुण येतो, हेही खोटे नव्हे. मात्र त्या गुणाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न वेगळा आहे. कारण अचानक भरलेली कंबर बहुतेकांच्या बाबतीत थोड्या आठवड्यांत आपोआपच मोकळी होत असते, माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेला पोहोचलेल्या दुखण्याला उतरण्यावाचून दुसरी वाट नसल्यामुळे ज्याने सर्वांत शेवटी हात किंवा पाय लावला त्याच्या पदरी यश पडते. पाठीच्या दुखण्यावर हाताने इलाज करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो गावचा हाडवैद्य असो अथवा परदेशची पदवी भिंतीवर लावून बसलेला कायरोप्रॅक्टर असो, आपल्या यशाचा हिशेब मांडताना ही पहिली वजावट केली पाहिजे.

पायाळूपेक्षा हाडवैद्याचा अधिकार अर्थातच मोठा. निखळलेला खांदा बसविणे, मुरगळलेला घोटा सरळ करणे, मोडलेल्या हाताला बांबूच्या कामट्या लावून लेपाची पट्टी बांधणे, ही त्याची कामे. आणि सरकारी दवाखाना तालुक्याच्या ठिकाणी, तालुका दोन खाड्यांपलीकडे, अशा काळात त्याने असंख्य माणसांना पुन्हा कामावर उभे केले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या विद्येत एक मोठे वैगुण्य होते. ती घराण्याची मिरास मानली जाई. बापाने मुलाला दाखवावी, लेपातल्या पाल्याचे नाव शेजाऱ्याला कळू देऊ नये, अशी वहिवाट असे. बापाच्या हातून काय चुकले हे मुलालाही सांगितले जात नसे, कारण चूक सांगितली तर हाताचा लौकिक जातो. मग मनीऑर्डरीवर संसार चालविणाऱ्या या जिल्ह्यातून मुलगा मुंबईला गिरणीत किंवा कचेरीत चिकटला की घराण्याची विद्या तेथेच संपे. तिच्यातले चांगले कोणाच्या उपयोगी पडत नसे आणि वाईट कोणाच्या ध्यानात येत नसे.

ही गुप्तता आमच्या प्राचीन शास्त्राला मुळीच संमत नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अस्थिभंगाला स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार त्यांत वेगवेगळे वर्णिले आहेत. ओढणे, दाबणे, टोके परस्परांस जुळविणे आणि बांधणे अशा उपचाराच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पट्टी सैल झाली तर हाड स्थिर राहत नाही आणि घट्ट झाली तर सूज व वेदना वाढतात, असा इशारा दिला आहे. थंडीच्या दिवसांत ती सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावी, इथपर्यंत तपशील आहे. कंबर, मांडी वा पाठीचा कणा मोडलेल्या रोग्याला फळीवर निजवून खुंट्यांच्या आधारे जखडून ठेवण्याची जी योजना सांगितली आहे, तिला कपाटशयन असे नाव आहे. परंतु या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते सूत्रस्थानातील शिक्षणविषयक विवेचन. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड यांवर करावा, पट्टी बांधण्याचा सराव माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर करावा आणि त्यानंतरच रोग्याला हात लावावा, असा तेथे दंडक आहे. केवळ ग्रंथ जाणणारा आणि केवळ हाताने काम करणारा हे दोघेही एका पंखाच्या पक्ष्यासारखे निरुपयोगी होत, असे सांगून ग्रंथकार थांबत नाही. शास्त्रावाचून धाडसाने हात चालविणारा राजदंडास पात्र आहे, असेही तो बजावतो. विद्या शिकणे आणि विद्या चालविणे ही दोन कामे एकाच माणसाने करावी, हा आग्रह एवढा जुना आहे.

या पार्श्वभूमीवर मणक्यांवर हाताने उपचार करण्याच्या कायरोप्रॅक्टिक या अमेरिकन पद्धतीची हकिकत पाहणे बोधप्रद आहे. कारण एका माणसाच्या हातचलाखीपासून निघालेली ही विद्या शाळेत शिरली, न्यायालयात उभी राहिली, कायद्याच्या पुस्तकात दाखल झाली, आणि या प्रवासात तिचे दावे लहान होत गेले व पत वाढत गेली. तिचा प्रवर्तक डॅनियल डेव्हिड पामर हा १८४५ साली कॅनडात टोरांटोजवळ जन्मला. त्याने शाळेत शिकविले, मधमाश्या पाळल्या, किराण्याचे दुकान चालविले आणि पुढे आयोवा प्रांतातील डॅव्हनपोर्ट या मिसिसिपीकाठच्या गावी चुंबकीय उपचार करणारा म्हणून बैठक मांडली. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्याच इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड या कृष्णवर्णी माणसाची पाठ त्याने तपासली. त्याला अनेक वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हते. पाठीत एक मणका उंचावलेला दिसला, तो हाताने दाबून जागेवर बसविला आणि ऐकू येऊ लागले, असे पामरने लिहून ठेवले आहे. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांशी तिचा संबंध येत नाही, हा शरीररचनेतला आक्षेप तेव्हापासून आजतागायत उभा आहे; परंतु पामरने त्या एका अनुभवावर सिद्धान्ताची एवढी मोठी इमारत चढविली की शंभरातले पंच्याण्णव रोग सरकलेल्या मणक्यांपासून उद्भवतात, असे १९१० सालच्या ग्रंथात त्याने बिनदिक्कत प्रतिपादिले.

आमच्या हाडवैद्याने जे केले नाही ते मात्र पामरने केले. १८९७ साली त्याने डॅव्हनपोर्टातच शाळा काढली, आणि तिच्या नावातच शिक्षण व उपचार या दोहोंची सांगड होती. रोगी येत, गुरू तपासी, शिष्य पाहत आणि मग शिष्य करीत व गुरू पाहत असे. पुढे ही शाळा त्याचा पुत्र बार्टलेट जोशुआ याच्या ताब्यात गेली. तो बापाहून हिशेबी व जाहिरातीत पटाईत. १९१० साली त्याने क्ष-किरणांचे यंत्र शाळेत आणले. ज्या क्षणी मणका खरोखर सरकला आहे काय, हे चित्रावर पाहण्याची सोय झाली, त्या क्षणी संस्थापकाच्या सिद्धान्तालाही परीक्षेस बसणे भाग पडले. मणक्यांवाचून दुसऱ्या कशालाही हात लावू नये म्हणणारे कर्मठ आणि व्यायाम, शेक, आहार यांचीही जोड द्यावी म्हणणारे उदार असे दोन पंथ याच भांडणातून पडले. शाळा नसती तर हे भांडण झालेच नसते. आणि हे भांडण झाले नसते तर ही विद्या पामरबरोबरच पुरली गेली असती.

सनदेचा झगडा याहूनही तीव्र होता. परवान्यावाचून वैद्यकी केल्याच्या आरोपावरून पामरला १९०६ साली तुरुंगात जावे लागले, आणि त्याच्या मागून कित्येक कायरोप्रॅक्टर त्याच वाटेने गेले. १९१३ साली कॅन्सस प्रांताने त्यांच्यासाठी पहिला स्वतंत्र कायदा केला. लुईझियाना या शेवटच्या प्रांताने तो करीपर्यंत १९७४ साल उजाडले. म्हणजे एका देशातील पन्नास प्रांतांच्या दप्तरांत नाव चढवावयास एकसष्ट वर्षे लागली. मधल्या काळात अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ साली भोंदूगिरीच्या बंदोबस्तासाठी एक समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टरांशी डॉक्टरांनी व्यावसायिक संबंध ठेवणे नीतिबाह्य ठरविले. त्याविरुद्ध चेस्टर विल्क आणि त्याच्या काही सहकाऱ्यांनी १९७६ साली दावा दाखल केला. अकरा वर्षे खटला चालून १९८७ साली न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी असा बहिष्कार हा व्यापारस्वातंत्र्याच्या कायद्याचा भंग होय, असा निवाडा दिला. या निवाड्याचा हवाला देताना पुष्कळजण एक गोष्ट विसरतात. धंदा करण्याची मुभा न्यायालयाने अबाधित राखली. धंद्यातला उपचार गुणकारी आहे, असे शिक्कामोर्तब त्याने केले नाही. गुणाचा निर्णय न्यायपीठाकडे नसतो. तो रुग्णालयात, मोजमापाने आणि तुलनेने करावा लागतो.

ते मोजमाप काय सांगते हे पाहण्यापूर्वी कण्याची रचना थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे. मानेत सात, पाठीत बारा आणि कंबरेत पाच असे चोवीस मणके हलते असतात. त्याखालचे पाच सांधून त्रिकास्थी बनते व सर्वांत खाली माकडहाड. वरचे दोन मणके सोडले तर लगतच्या दोन मणक्यांमध्ये एक मऊ चकती असते, तिला बोलण्यात गादी म्हणतात. आणि मागच्या बाजूला डावी-उजवीकडे दोन लहान सांधे असतात. कायरोप्रॅक्टर जो हात मारतो तो या लहान सांध्यांना उद्देशून. सांधा हलण्याच्या शेवटच्या टोकापर्यंत हळूहळू नेऊन तेथे अतिशय थोड्या अंतराचा पण अतिशय जलद धक्का द्यावयाचा, हे त्याच्या क्रियेचे मर्म. त्या वेळी जो कट असा आवाज येतो तो ऐकून रोगी समाधान पावतो, हाड जागेवर बसले म्हणून. वस्तुतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाल्याने त्यात वायूची पोकळी निर्माण होते. बोटे मोडतानाही हेच घडते. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी चुंबकीय प्रतिमायंत्रात बोटाचा सांधा ताणून ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष टिपली. एकदा आवाज झालेला सांधा सुमारे वीस मिनिटे पुन्हा वाजत नाही, तो याच कारणाने. आवाज हा उपचाराचा पुरावा नव्हे, आणि धक्क्यानंतर मणका सरकून जागेवर आल्याचेही क्ष-किरणांच्या चित्रांत दिसत नाही. आराम वाटतो तो बहुधा वेदनेचे संदेश काही काळ मंदावल्यामुळे आणि आवळलेले स्नायू सैल पडल्यामुळे.

उपयोग किती, याचे उत्तर आज बरेच स्पष्ट आहे. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ४७ चाचण्या व ९,२११ रोगी यांचा विचार केलेला आहे. जुनाट कंबरदुखीवर मणक्यांचा हस्तोपचार हा व्यायामासारख्या अन्य मान्य उपचारांइतकाच उपयोगी पडतो, त्यांहून फार अधिक नाही आणि कमीही नाही, असा त्याचा निष्कर्ष निघतो. अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात नव्या कंबरदुखीवर गोळ्यांआधी करून पाहण्याच्या उपायांत शेक, मालिश आणि अॅक्युपंक्चर यांच्या पंक्तीला या हस्तोपचारासही बसविले आहे. बहिरेपण, दमा, रक्तदाब यांच्यावर तो चालतो, या जुन्या दाव्यांना मात्र असा आधार मिळालेला नाही. पंच्याण्णव रोगांवरून गाडी कंबरेवर येऊन थांबली, हे या विद्येचे अपयश नव्हे. तिच्या सज्ञानपणाची ती खूण आहे.

धोक्याची बाजूही तितकीच उघडपणे मांडली पाहिजे. हात मारल्यावर एक-दोन दिवस अंग ठणकणे नित्याचे आहे. मानेला झटका दिल्यानंतर मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीस चीर जाऊन पक्षाघात झाल्याच्या विरळा परंतु दारुण घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदल्या आहेत. त्यांत कधी कधी धमनी आधीच चिरलेली असते आणि मान दुखते म्हणूनच तो माणूस उपचाराला आलेला असतो, ही गुंतागुंत निराळी. आपल्याकडे तर आणखी एक कारण सावध राहावयास लावते. मणक्याचा क्षय, ज्याचे वर्णन पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ साली केले, तो भारतात अद्याप सर्रास आढळतो. बारीक ताप, उतरत जाणारे वजन, रात्री वाढणारी पाठदुखी अशी लक्षणे असलेल्या रोग्याच्या पोखरलेल्या मणक्यावर हात मारला तर अधूपण ओढवेल. झाडावरून पडलेला गडी, हाडे ठिसूळ झालेली म्हातारी, जांघेकडचा भाग बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटलेला माणूस, यांपैकी कोणाच्याही पाठीला हाताचा झटका वर्ज्य आहे. अखेरच्या प्रकारात तर शस्त्रक्रियेला तासांचा विलंबही घातक होतो.

म्हणूनच शिकविणारा कायरोप्रॅक्टर आपल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी हात मारावयास शिकवीत नाही. हात ठेवावयास शिकवितो. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो उंचवटा लागतो त्यावर आणि त्याच्या वरच्या उंचवट्यावर विद्यार्थ्याने दोन बोटे ठेवावयाची, आणि समोरच्याने मान हळूच मागे न्यावयाची. वरचा उंचवटा बोटाखालून आत नाहीसा झाला आणि खालचा तसाच राहिला, तर खालचा तो सातवा मणका. दोन्ही कुशींच्या हाडांच्या कडा आडव्या रेषेने जोडल्या की बोट कंबरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास पडते, आणि तेथून वर-खाली मोजत जावयाचे. पुस्तकाच्या पानाखाली डोक्याचा एक केस ठेवून तो वरून चाचपडून शोधावयाचा, सापडला की आणखी एक पान वर घालावयाचे, असा सरावही या शाळांतून पूर्वापार चालत आलेला आहे. सुश्रुताच्या शिष्यांनी बाहुल्याला पट्ट्या बांधण्यात जी वर्षे घालविली असतील, त्यांच्याशी या सरावाचे नाते उघड आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शिक्षणाची जी किमान मर्यादा आखली तीत चार वर्षे पूर्णवेळ अभ्यास, शिक्षकाच्या समक्ष किमान ४,२०० तास आणि त्यांपैकी किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रोग्यांवर काम, असा हिशेब दिलेला आहे. हे हजार तास जेथे जातात ते शाळेचे रुग्णालय हीच या शिक्षकाची खरी कर्मभूमी. तेथे विद्यार्थी रोग्याची हकिकत लिहून घेतो, तपासणी करतो, आपला तर्क मांडतो, आणि गुरू विचारतो तो पहिला प्रश्न असा की या माणसाला आपण हात लावावा की लावू नये, आणि का. विद्यार्थ्याला कारण सांगता आले नाही तर कागदावर सही होत नाही. परंतु हा प्रश्न दुधारी आहे. रोज पाच-पंचवीस तरुणांना कारणे विचारणाऱ्या माणसाला स्वतःच्या सवयीची कारणेही द्यावी लागतात. केवळ आपल्या गुरूने असे केले म्हणून आपणही करतो, एवढे उत्तर तेथे चालत नाही. एकट्याने दवाखाना चालविणाऱ्याला रोग्याची कृतज्ञता मिळते, पण हा उपद्रव मिळत नाही. आणि विद्या वाढते ती बहुतांशी या उपद्रवाने.

अशा कारकीर्दीचे उत्तम उदाहरण म्हणून स्कॉट हॉल्डमन यांचे नाव घेता येईल. त्यांची आजी अल्मेडा ही कॅनडातील अगदी पहिल्या कायरोप्रॅक्टरांपैकी एक. वडील तोच व्यवसाय करीत. स्वतः स्कॉट यांनी डॅव्हनपोर्टच्या पामर महाविद्यालयाची पदवी घेतली आणि तेवढ्यावर न थांबता मज्जासंस्थेच्या शरीरक्रियेवर डॉक्टरेट मिळविली, मग रीतसर वैद्यकाची पदवी घेऊन ते मज्जाविकारतज्ज्ञ झाले आणि कॅलिफोर्नियात रोगी तपासणे व विद्यापीठात शिकविणे ही दोन्ही कामे त्यांनी चालविली. या विद्येच्या तत्त्वांचा आणि व्यवहाराचा जो पाठ्यग्रंथ त्यांनी संपादित केला, त्यात संस्थापकांच्या श्रद्धेपेक्षा प्रयोगशाळेतल्या पुराव्याला मान आहे. २००८ साली त्यांनी ‘वर्ल्ड स्पाइन केअर’ ही संस्था स्थापन केली. आफ्रिकेतील बोट्स्वानाच्या ग्रामीण भागात, जेथे ओझी डोक्यावरून वाहिली जातात, तेथे तिने कण्याच्या विकारांचे दवाखाने उघडले. तीन पिढ्यांत आजीच्या हाताची विद्या नातवाच्या हाती प्रश्न विचारण्याची विद्या झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आपल्याकडची स्थिती. भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र वैद्यकपद्धती म्हणून गणना होत नाही. तिची परिषद नाही, नोंदवही नाही, आणि २०२१ साली संसदेने सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला त्याच्या अनुसूचीत भौतिकोपचार (फिजिओथेरपी) व व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) आहेत, कायरोप्रॅक्टिक नाही. मुंबई-पुण्यात परदेशातून रीतसर शिकून आलेले लोक आहेत. आणि थोड्या दिवसांच्या वर्गातून बाहेर पडून मोबाइलच्या पडद्यावर माना मोडून दाखविणारेही आहेत. नोंदवहीच नसल्यामुळे सामान्य माणसाला या दोहोंत फरक करण्याचे साधन उरत नाही.

परंतु हाताने उपचार करण्याची विद्या महाराष्ट्राने शाळेत नेलीच नाही, असे मात्र नव्हे. तिचा पहिला मान परळच्या केईएम रुग्णालयाकडे जातो. १९५० साली तेथे कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, ती आशियातील अशा प्रकारची पहिली. या बाई मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथाच्या. विष्णु निंबकरांशी विवाह करून त्या येथल्याच झाल्या, मध्यंतरी स्वदेशी जाऊन ही विद्या रीतसर शिकल्या आणि परत येऊन त्यांनी ती येथल्या विद्यार्थ्यांना शिकविली. महर्षी कर्व्यांची नात आणि इरावती कर्वे यांची कन्या जाई त्यांची सून झाली, आणि फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांचेच नाव मिरविते. त्यांच्या पाठोपाठ मुंबईत पोलिओने मुलांचे हातपाय लुळे पडू लागले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराची शाळा निघाली. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. २००२ सालच्या अधिनियमाने राज्यात या दोन व्यवसायांसाठी परिषद आली, आणि चार वर्षांचा अभ्यास व सहा महिन्यांची आंतरवासिता पुरी करणाऱ्याला नोंदीचा क्रमांक मिळू लागला. मणक्यांचे सांधे हाताने मोकळे करण्याच्या क्रिया भौतिकोपचाराच्या अभ्यासक्रमात आहेतच. त्यामुळे डॅव्हनपोर्टच्या विद्येतले जे टिकाऊ आहे ते आपल्याकडे बव्हंशी दुसऱ्या नावाने, पण सनदशीर मार्गाने, पोहोचलेले आहे.

रत्नागिरीला उणीव आहे ती अशा शिक्षकांची. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण आणले, आणि २०२३ साली खुद्द रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या विद्यालयांतून पाठीच्या दुखण्याचे वेगळे दप्तर ठेवले गेले, चिऱ्याच्या खाणीवरचा मजूर, बंदरावरची बाई आणि आंब्यावरून पडलेला गडी यांच्या हकिकती वर्षानुवर्षे नीट लिहून ठेवल्या गेल्या, कोणत्या उपचाराने किती दिवसांत कोण कामावर परतला याचा तुलनेने विचार झाला, तर या जिल्ह्याच्या पाठीविषयी या जिल्ह्यालाच काही सांगता येईल. उपचाराइतकेच प्रतिबंधाचेही त्यात स्थान असावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने देठासह फळ काढणारा ‘नूतन झेला’ तयार केला तो आंबा टिकावा म्हणून. परंतु लांब दांडीच्या झेल्याने जेवढे चढणे वाचते तेवढे मणकेही वाचतात, ही गोष्ट बागायतदाराला डॉक्टरने सांगितली पाहिजे. आणि गावोगावचे जे थोडे हाडवैद्य उरले आहेत त्यांनाही या दप्तरात जागा असावी. त्यांचे कसब पाहावे, तपासावे, त्यातले ग्राह्य ते घ्यावे, आणि कोणता रोगी तत्काळ रुग्णालयात पाठवावा हे त्यांना शिकवावे. शिकावयास येणारा माणूस आपले गुपित सोडून देतो, हा तर शाळेचा पहिला लाभ आहे.

ही व्यवस्था लागेपर्यंत पाठ धरलेल्या रत्नागिरीकराने कोणाहीपुढे पालथे पडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: आपले शिक्षण कोठे व किती वर्षे झाले, आपले नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत आहे, आणि कोणत्या रोग्याला आपण हात लावीत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भिंतीवरच्या चौकटीतही मिळतील. तिसऱ्याचे उत्तर ज्याला चटकन आणि स्पष्ट देता येत नाही, त्याचा लौकिक कितीही मोठा असला तरी आपली पाठ त्याच्या हाती देऊ नये.